गोमुखी दरवाजा टेबलावर: एका पावसाळी बांधणीचं प्रकरण

पुण्यातला फ्लॅट, जुलै महिना, जेवणाचं टेबल. पाच खेळाडू आणि खेळ चालवणारा एक, असा सहा जणांचा गट. खेळ टेबलावरचा, प्रत्येकाने एक पात्र होऊन खेळायचा. खेळायचा प्रसंग असा: अंधाऱ्या रात्री पाच जणांनी डोंगरी किल्ल्याच्या महादरवाज्यातून आत शिरायचं, देवडीतले, म्हणजे दरवाज्याआतल्या पहाऱ्याच्या खोलीतले, पहारेकरी आवाज न होता गाठायचे, आगळ, म्हणजे दरवाज्यामागचा आडवा अडसर, काढायची आणि बाहेर दबा धरून बसलेल्या तुकडीला वाट करून द्यायची. कागदावर चौकोन आखून हे खेळता येतं. पण गोमुखी दरवाज्याचं मर्म कागदावर उतरत नाही. वाट दोन बुरुजांच्या कुशीत वळते, दरवाजा अगदी समोर येईपर्यंत दिसत नाही, हत्तीला धडक मारायला सरळ धाव मिळत नाही आणि तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंच्या जंग्या, म्हणजे तटातल्या मारा करायच्या फटी, आपल्यावर रोखलेल्या असतात. ही कोंडी खेळाडूंना डोळ्यांनी दिसली पाहिजे, म्हणून सगळा दरवाजा उभाच करायचं ठरलं. मुदत सहा आठवडे.

प्रकरण प्रातिनिधिक आहे. घरच्या घरी टेरेन, म्हणजे खेळासाठीचा छोटा किल्ला-डोंगर, बांधताना वारंवार होणाऱ्या चुका इथे एकाच बांधणीत मांडल्या आहेत, म्हणजे त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध दिसतो. बांधणी दोनदा झाली. पहिली टाकून द्यावी लागली.

पहिली बांधणी

पायाला ६० × ६० सेंमीचा, ६ मिमी जाड एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचा, तक्ता. त्यावर फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलचे तुकडे एकावर एक, मध्ये फेविकॉलचा भरपूर हात. बुरूजही थर्माकोलच्या चकत्यांचे. वरून पीओपीमध्ये बुडवलेलं सुती कापड, त्यावर पीओपीचा सुमारे ५ मिमीचा थर. वाळल्यावर काळ्या रंगाचा स्प्रे. मावळे मागच्या दिवाळीचे, कुंभाराकडून आणलेले, तीन ते चार इंचांचे.

ही पद्धत कुठून आली हे कोणत्याही मराठी घरात सांगावं लागत नाही. दगड, विटा, गोणपाट, लाल माती, वर अळीव किंवा मोहरी पेरलेली, शिखरावर सिंहासन. दिवाळीचा किल्ला ज्याने केला आहे त्याला चढ कसा बसतो, तट कुठून न्यायचा, पायवाट कुठे वळवायची हे हातालाच ठाऊक असतं आणि हे शिक्षण मोलाचं आहे. अडचण त्या सवयीच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. दिवाळीचा किल्ला ओला लिंपतात, कारण पाऊस सरलेला असतो आणि आश्विनातलं ऊन माती दोन दिवसांत कोरडी करतं. तो समोरून बघायचा असतो, मावळे एकदा ठेवले की हलत नाहीत आणि चार-पाच दिवसांनी तो मोडायचाच असतो. खेळाच्या किल्ल्यावर सहा जणांचे हात तीन-चार तास फिरतात, तो चारही बाजूंनी बघतात, उचलून दुसऱ्या घरी नेतात. पहिल्या बांधणीतला जवळजवळ प्रत्येक बिघाड या फरकातून निघाला.

काय बिघडलं, ते ज्या क्रमाने लक्षात आलं त्याच क्रमाने:

चौथ्या दिवशी तक्त्याचे कोपरे टेबलापासून जवळजवळ एक सेंटिमीटर उचलले गेले. आठव्या दिवशी मोठ्या बुरुजाचा वरचा अर्धा भाग बोटाच्या धक्क्याने सरकला. आत फेविकॉल लावला तेव्हासारखाच पांढरा आणि ओला. स्प्रे मारल्यावर बुरुजाच्या एका अंगाला खड्डे पडत गेले आणि पीओपीची पापडी पोकळीवर लटकत राहिली. मग खेळाची एक तालीम घेतली, आणि तिथे सगळ्यात मोठी गोष्ट कळली: हे सगळं नीट झालं असतं तरी त्यावर खेळता आलं नसतं. मिनी, म्हणजे खेळातल्या छोट्या बाहुल्या, उतारावरून घसरत होत्या, दोन बुरुजांमधल्या वाटेत बोटं पोचत नव्हती, आणि खुर्चीवर बसलेल्या तिघांना दरवाजा दिसतच नव्हता.

कारणं

कोपरे उचलले ते एका बाजूच्या ओलाव्यामुळे. पीओपी आणि फेविकॉल दोन्हींत पाणी. तक्त्याची वरची बाजू ते पिते, खालची कोरडी राहते. वरचा थर वाळताना आकसतो आणि तक्त्याला स्वतःकडे ओढून घेतो. एमडीएफ, पुठ्ठा, पातळ प्लायवूड, सगळ्यांचं हेच. तक्ता वापरायचाच तर कामाआधी दोन्ही बाजूंना आणि कडांना ऑइल पेंट किंवा वॉर्निशचा हात देऊन पाण्याची वाट बंद करावी लागते, आणि वर जेवढा ओला थर द्याल तेवढाच खालूनही द्यावा लागतो. त्यापेक्षा लाकूडच टाळलेलं बरं.

फेविकॉल ओला राहिला, यात फेविकॉलचा दोष नाही. पांढरा डिंक घट्ट होतो तो त्यातलं पाणी निघून गेल्यावर. लाकडात किंवा कागदात ते शोषलं जातं. थर्माकोलच्या दोन सपाट तुकड्यांमध्ये पाण्याला जायला वाटच नसते. कडेचा बोटभर भाग वाळतो, तो आतल्या ओलाव्यावर झाकण होऊन बसतो, आणि मधला डिंक कित्येक आठवडे तसाच राहतो. त्यात जुलै-ऑगस्टमधली पुण्याची हवा, जिच्यात आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. जास्त डिंक म्हणजे जास्त पक्कं, हा समज इथे नेमका उलटा पडतो.

स्प्रेचं कारण रासायनिक आहे. डब्यातल्या रंगाला पातळ ठेवणारी द्रावकं पॉलिस्टायरीनला विरघळवतात, आणि थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. पीओपीचा थर मध्ये आहे म्हणून धोका नाही असं वाटतं. पण पीओपी सच्छिद्र असतं, बारीक तडाही असतात. टोचणीच्या टोकाएवढं भोक पुरतं. याच कारणाने पिवळट रबरी सोल्यूशन आणि साधं फेविक्विकही थर्माकोलवर चालत नाही.

राहिली शेवटची गोष्ट, म्हणजे मापं. ती मुळात घेतलीच नव्हती.

मापं

आजच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्र होऊन खेळायच्या खेळात आणि त्याच्या वळणाच्या बहुतेक खेळांत एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट. म्हणजे प्रमाण साधारण १:६०. साडेपाच फुटी माणूस २८ मिमीचा होतो आणि मिनींचं प्रचलित मापही तेच आहे. या हिशेबात दिवाळीचा चार इंची मावळा वीस फूट उंच ठरतो. त्याला प्रवेशद्वाराजवळचा भव्य पुतळा म्हणून जागा देता येईल, पहारेकरी म्हणून नाही.

आता रायगड डोळ्यांसमोर आणा. महादरवाज्याचे दोन बुरूज ७५ आणि ६५ फूट उंच असल्याचं सांगितलं जातं. १:६० ला ते ३८ आणि ३३ सेंमी होतात. जेवणाच्या टेबलावर एवढा बुरूज ठेवला की समोरच्या खेळाडूचा चेहरा झाकला जातो. म्हणून उंचीला कात्री लावायची, रुंदीला नाही. माणसं जिथे उभी राहतात ती जागा खरी हवी. जिथे फक्त नजर जाते ती आखडली तरी डोळा मान्य करतो. दुसऱ्या बांधणीत मोठा बुरूज १५० मिमी, धाकटा १२५ मिमी ठेवला. उंचीतला फरक राखला, कारण दोन असमान बुरुजांमधून वळणारी वाट हीच या दरवाज्याची ओळख.

खेळाची मापं हाताने आणि मिनीच्या बुडाने ठरतात. मिनीचं बूड २५ मिमी. फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, किमान ३० मिमी. २५ ठेवली की चर्येला, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या दातेरी कठड्याला, घासून मिनी बाहेर कलंडते. पायरी खऱ्या मापाची केली तर चार मिमी उंच होते आणि तिच्यावर काहीच उभं राहत नाही. म्हणून पायरीची खोली २५ मिमी आणि उंची साडेबारा मिमी: दिसायला ढोबळ, खेळायला अचूक. उताराचा कोन वीस अंशांच्या पुढे गेला की मिनी घसरायची भीती, म्हणून चढावर दर तीन-चार चौकोनांनी खडकात लपलेला ३० मिमीचा सपाट टप्पा. आणि बोटं: चार बोटांची रुंदी आठ-नऊ सेंटिमीटर, मिनी धरणारी चिमूट सुमारे पाच. दोन चौकोन रुंद वाटेला दोन्ही बाजूंनी १५ सेंमीच्या भिंती असतील तर आतली मिनी उचलताना शेजारच्या दोन आडव्या होणारच. इथे वाट तीन चौकोन, म्हणजे ७५ मिमी रुंद केली, आणि ७५ मिमीच्या वरचं सगळं बांधकाम उचलून बाजूला ठेवता येईल असं केलं.

एक बारीक गोष्ट, जी सहज निसटते. इंच २५.४ मिमीचा. पट्टीवर २५ मिमीने खुणा केल्या तर २४ चौकोनांत जवळजवळ एक सेंमीचा फरक पडतो, आणि विकतची इंची चटई शेजारी लावली की रेषा जुळत नाहीत. २५ घ्या किंवा २५.४, पण सगळ्या सेटला एकच. इथे जाडीचे तक्ते २५ मिमीचे मिळतात म्हणून २५ घेतलं.

दुसरी बांधणी: सामान

मुख्य सामान एक्सपीएस. गच्चीच्या उष्णतारोधनासाठी वापरतात तो रंगीत, घट्ट फोमचा तक्ता. साधारण माप १२५० × ६०० मिमी, जाडी २५ मिमी. थर्माकोलमध्ये दाणे असतात, कटर ओढला की ते उपटले जातात. एक्सपीएसमध्ये दाणा नाही, पेनाने ओढलेली रेघ त्यात स्वच्छ उमटते. बांधकाम साहित्याच्या दुकानात किंवा वॉटरप्रूफिंगवाल्यांकडे उरलेले तुकडेही चालतात. दोन तक्ते पुरले. पहिल्यातून ३० × ३० सेंमीचे चार पाये, उरलेल्यातून बुरुजांच्या अकरा चकत्या. दुसऱ्यातून तट, देवड्या, दरवाज्याची कमान आणि कडा. कापताना पडणारा चुरा ओल्या फडक्याने गोळा करून कोरड्या कचऱ्यात टाकायचा, बेसिनमध्ये धुवायचा नाही. तो नाल्यातून नदीत जाऊ शकतो.

सोबत ५ मिमी सनबोर्डचा एक तुकडा, ३ मिमी जाडीच्या बांबूच्या काड्या, आइस्क्रीमच्या काड्या, टाचण्या, अर्धा लिटर फेविकॉल, काळा ॲक्रिलिक अर्धा लिटर, पांढरा, पिवळी माती, गडद तपकिरी आणि हिरवा थोडा थोडा, पांढरी रांगोळी, लाकडाचा भुसा, काथ्या, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. पोस्टर कलर घ्यायचे नाहीत. ते वाळल्यावरही पाण्यात सुटतात. वरून पातळ रंगाचा हात दिला की खालचा रंग वितळून सगळं गढूळ होतं. आणि भिंतीच्या पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर, म्हणजे छटा देणारा दाट रंग, ओतून काळा करायला जाऊ नये. स्टेनरच्या बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापुढे गेलं की रंग चिकट राहतो, आणि काळा तर होतच नाही.

कापणी आणि जोडणी

बुरूज गरम तारेच्या कटरवर कापले. तारेपासून ७५ मिमीवर टाचणी खालून वर रोवायची, चौकोनी तुकडा तिच्यावर बसवायचा आणि एक सलग फेरा द्यायचा. मध्ये थांबलं की तार तिथेच खोलवर वितळवते. खरे बुरूज वर निमुळते होत जातात, त्यासाठी तार सुमारे साडेतीन अंश कलती ठेवली: २५ मिमीच्या एका चकतीत व्यास ३ मिमीने कमी होतो. पहिली चकती खाली १५० मिमी, वर १४७. दुसरी खाली १४७. सहावी वर १३२ ला संपते. प्रत्येक चकतीसाठी टाचणी दीड मिमी सरकवायची. खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने, कारण तापलेल्या पॉलिस्टायरीनचा धूर घशाला लागतो आणि तो खरोखर अपायकारक आहे. गरम तार नसेल तर कटरनेही होतं. पातं लांब काढून जवळजवळ आडवं धरायचं आणि पात्याची कडी दर आठ-दहा कापांनंतर मोडायची. बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं.

सहावी चकती पोकळ: बाहेरून तीच, आतून गोल काढून टाकलेली, भिंत ८ मिमी जाड. हा झाला बुरुजाचा कठडा, मजल्यापासून २५ मिमी उंच. वरच्या कडेचा परीघ सुमारे ४१५ मिमी. त्यात १७ मिमी रुंदीच्या १८ चर्या, मध्ये ६ मिमीच्या फटी. आधी कागदाची पट्टी गुंडाळून त्यावर भागाकार करून घ्यायचा. थेट फोमवर मोजत गेलं तर शेवटची चर्या अर्धीच उरते. चर्येचं डोकं पाकळीसारखं गोलवलं की किल्ला लगेच आपल्याकडचा दिसू लागतो. चौकोनी ठेवलं की युरोपातला वाटतो. धाकटा बुरूज १२५ मिमी व्यासाचा, पाच चकत्यांचा, रीत तीच.

जोडताना पूर्ण पृष्ठभागाला डिंक नाही. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवडायच्या, वाटाण्याएवढे सहा ठिपके कडेपासून एक-दीड सेंमी आत, आणि मध्ये बांबूच्या तीन काड्या तिरप्या ठोकायच्या. भार काड्या घेतात, डिंक फक्त सरकू देत नाही. कडेजवळचे ठिपके पावसातही दोन दिवसांत वाळतात. ग्लू गन वापरायची तर कमी तापमानाची. जास्त तापमानाच्या गनमधला गोंद फोममध्ये खळगा करून खाली उतरतो आणि सांधा पोकळ राहतो.

मोठ्या बुरुजाच्या खालच्या तीन चकत्या पायाला पक्क्या, वरच्या तीन एकत्र पण सुट्या. धाकट्याच्या खालच्या तीन पक्क्या, वरच्या दोन सुट्या. दोन्हीकडे सांधा ७५ मिमीवर. खालच्या भागातून दोन काड्या १५ मिमी वर आलेल्या, वरच्या भागात त्यांच्यासाठी भोकं. भोकात कापलेल्या स्ट्रॉचा तुकडा बसवला तर शंभर वेळा काढलं-घातलं तरी भोक मोठं होत नाही. वरचा भाग उचलला की त्यावरच्या मिनी ताटासारख्या एकत्र बाजूला जातात. कोण कुठे उभा होता हे लक्षात ठेवावं लागत नाही. फोम हलका असल्याने तटाचे सुटे तुकडे बाहीच्या ओझरत्या स्पर्शानेही पडतात. प्रत्येकाच्या तळाशी खाच करून नदीतला एखादा चपटा गोटा बसवला.

वळणाच्या वाटेवर चौकोन बसत नाहीत, हा गोमुखी रचनेतला खरा खेळाचा प्रश्न. चौकोनी जाळी तशीच ठेवली तर वळणावर अर्धे, तिरके तुकडे उरतात आणि दर पावलाला वाद होतो. इथे वाटेची फरसबंदीच मोजणी झाली. वळणाच्या मध्यरेषेवर दर २५ मिमीला आडवी रेघ, आणि रुंदीचे तीन भाग. दगड आतल्या बाजूला अरुंद, बाहेरच्या बाजूला रुंद, पंख्यासारखे. नियम एकच: एक दगड म्हणजे पाच फूट. तीस फूट चालणारा सहा दगड जातो. आतल्या कडेचे दगड फार अरुंद होणार नाहीत एवढं वळण सैल ठेवावं लागतं, नाहीतर दोन मिनी शेजारी मावत नाहीत.

दरवाज्याची कमान ५० मिमी रुंद, ६५ मिमी उंच, म्हणजे दहा फूट आणि तेरा फूट. फळ्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या, मागून सनबोर्डची पट्टी. हत्तीला रोखणारे अणकुचीदार खिळे म्हणजे टाचण्यांची टोकं, ४ मिमी बाहेर काढलेली. पुढे हात लागतो म्हणून टोक कानसून बोथट करायचं. फळी जिच्यावर फिरते ती खुंटी म्हणजे १ मिमी तार, वर-खाली भोकात फिरणारी. दिंडी दरवाजा, म्हणजे मोठ्या दरवाज्यातलं छोटं दार, नुसता रेघेने दाखवला. कापून बसवला तर १० × २० मिमीचा तुकडा पहिल्याच खेळात हरवतो. आगळ मात्र खरी, सुटी, मागच्या दोन कड्यांत सरकणारी, कारण प्रसंगाचा सगळा जीव तिच्यात आहे. खेळाडूने ती स्वतःच्या बोटांनी ओढून काढायला हवी. देवड्या दोन, प्रत्येकी दोन चौकोन बाय दोन चौकोन, छत उचलता येणारं.

कड्यासाठी फोम कापला नाही, हाताने मोडला. सह्याद्रीचा खडक लाव्हाच्या आडव्या थरांचा आहे: उभा कातळ, मग सपाट टप्पा, पुन्हा कातळ. एकावर एक ठेवलेले फोमचे थर हीच रचना आपोआप देतात, आणि ते टप्पेच मिनी उभ्या करायच्या जागा होतात. आल्प्ससारखा तिरका सुळका करण्यात वेळ घालवू नये.

दगड आणि रंग

२५ मिमीच्या चकतीत दगडांचे तीन थर, प्रत्येकी आठ मिमीपेक्षा किंचित जास्त. त्यामुळे दोन चकत्यांमधला सांधा हीच एक थराची रेघ होते आणि उचलायचा भाग कुठून सुटतो ते दिसत नाही. आडव्या रेघा नव्या पात्याने दीड मिमी खोल, मग त्यांत बॉलपेन फिरवून रुंद करायच्या. उभे सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. काही दगड पेन्सिलच्या मागच्या टोकाने मिमीभर आत दाबायचे. शेवटी अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा सगळीकडे फिरवायचा. दगडाचा खरखरीतपणा त्यातून येतो आणि तो दुसऱ्या कशानेही इतका चांगला येत नाही.

पहिला हात दोन भाग काळा ॲक्रिलिक, एक भाग फेविकॉल, पाव भाग पाणी. हाच रंग आणि हेच चिलखत. दुसरा हात चोवीस तासांनी. दोन्हींना मिळून सुमारे ४०० मिली मिश्रण लागलं. जमिनीच्या भागात दर वाटीला दोन चमचे रांगोळी. ती दगडाचीच पूड आहे, वाळूपेक्षा बारीक आणि या प्रमाणात शोभणारी. स्प्रे कुठेच नाही, शेवटचं वॉर्निशसुद्धा पाण्यात मिसळणारं, मॅट, ब्रशने. पावसाळी हवेत स्प्रे वॉर्निश बहुधा पांढरट धुकं धरतं आणि महिनाभराचं काम एका मिनिटात फिकं पडतं.

बेसाल्टचा काळा हा निव्वळ काळा नसतो. काळ्यात थोडा तपकिरी आणि पांढरा मिसळून गडद राखाडी करायचा, तो जवळजवळ कोरड्या रुंद ब्रशने वरचेवर फिरवायचा. मग त्यातच पांढरा आणि चिमूटभर पिवळी माती घालून फक्त कडांवर. त्यानंतर एक भाग तपकिरी-काळा रंग, सात भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, असं पातळ पाणी भेगांत सोडायचं. लिक्विडमुळे ते डबक्यासारखं साचत नाही, भेगेत ओढलं जातं. प्रसंग रात्रीचा म्हणून सगळं गडद रंगवायचा मोह होतो. तो टाळावा. घरातल्या दिव्याखाली गडद रंगातला दगडकामाचा तपशील बुडून जातो. प्रत्यक्षापेक्षा दोन छटा उजळच ठेवावं. हाच साचा कोकणातल्या किल्ल्यासाठी वापरायचा तर जांभ्याचा तांबडा-तपकिरी घ्यावा आणि दगड किंचित मोठे, चौकोनी, भोकाळ करावेत.

गवताला काथ्या ४-५ मिमी कापून, भुसा हिरव्या ॲक्रिलिकमध्ये भिजवून वाळवलेला, झुडपांना घोसाळ्याची जाळी. वापरलेली चहापूड मातीसारखी सुंदर दिसते, पण पावसाळ्यात तिच्यावर आठवड्यात बुरशी येते. अळीवही इथे नको. त्याला पाणी लागतं.

मावळे आणि पहारेकरी

तेरा मिनी: पाच नायक, आठ पहारेकरी. पहारेकरी कागदाचे. २०० ते ३०० जीएसएम जाड कागदावर पुढची-मागची बाजू छापून, मध्ये घडी घालून चिकटवलेले, कडा काळ्या स्केचपेनने भरलेल्या. ज्यांचं आयुष्य दोन फेऱ्यांचं आहे त्यांच्यावर दोन संध्याकाळी घालवण्यात अर्थ नाही.

नायक तार आणि एम-सीलचे. ०.७ मिमी तार दुमडून पीळ दिलेली, पाय, धड, हात. एम-सील दोन्ही भाग समसमान, रंग एकजीव होईपर्यंत मळायचं, हातात मोजे घालून, कारण न वाळलेलं इपॉक्सी त्वचेला त्रास देतं. पहिल्या बैठकीत तारेवर फक्त पातळ साल चढवायची आणि पूर्ण कडक होऊ द्यायची. दुसऱ्या बैठकीत अंगरखा, शेला, पागोटं. एकाच बैठकीत सगळं करायला गेलं की पागोटं नीट करताना अंगठ्याखाली पाय चपटे होतात. नवशिक्यांचे बहुतेक मावळे इथेच बिघडतात. हत्यार पाण्याने ओलं ठेवायचं. ढालीला शर्टाचं ११ मिमीचं बटण, भोकं एम-सीलने बुजवून. तलवार तारेचं टोक हातोडीने चपटं करून. भाल्याला बांबूची कापटी मोडते, तारच हवी. एम-सीलचा पोत जाडसर असल्याने डोळे-ओठ कोरायला जाऊ नये. डोळ्यांच्या जागी दोन खळगे आणि मिशीची एक रेघ एवढ्याने हातभर अंतरावरून चेहरा उभा राहतो.

बूड म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला एम-१२ चा वायसर. बाहेरचा व्यास २४ मिमी, जाडी अडीच मिमी, वजन सुमारे सहा ग्रॅम. एवढं वजन खाली असलं की कागदाचा पहारेकरीसुद्धा पंख्याखाली उभा राहतो. आणि वायसर लोखंडी असल्यामुळे डब्याच्या तळाला चुंबकाची शीट लावली की सगळ्या मिनी प्रवासात जागच्या जागी राहतात.

वेळापत्रक आणि खेळ

कागदी साचे आणि कापणी चार दिवस. जोडणी एक दिवस, वाळवण तीन. पोत दोन दिवस. काळे दोन हात आणि त्यांची वाळवण चार दिवस. रंगकाम तीन संध्याकाळी, गवत-झुडपं एक, वॉर्निश आणि वाळवण तीन दिवस. एकूण तीन आठवडे, त्यातला जवळजवळ निम्मा काळ नुसता छताच्या पंख्याखाली. ड्रायर किंवा हीटर लावून घाई करू नये. एक्सपीएस ७५ अंशांच्या आसपास आकार सोडू लागतं. उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेखाली काळा बुरूज ठेवला तरी हेच होईल.

खेळात दोन गोष्टी अपेक्षेपेक्षा चांगल्या झाल्या. फरसबंदीच्या दगडांमुळे अंतरावरून एकही वाद झाला नाही. आणि आगळ: ती ओढणाऱ्या खेळाडूच्या बोटांकडे सगळे श्वास रोखून बघत होते. एक गोष्ट राहिली. जंग्या २ मिमीच्या फटी असल्याने पहारेकऱ्याला कोणता दगड दिसतो हे डोळ्याने ठरेना. पुढच्या वेळी प्रत्येक जंगीतून पातळ तार घालून तिची रेघ आधीच बघायची आणि ज्या दगडांवर ती जाते त्यांच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका द्यायचा, असं ठरलं. फट मोठी करणं हा उपाय नव्हे, मग ती खिडकी होते.

सेट आता चार खोक्यांत माळ्यावर आहे. प्रत्येक खोक्यात जुन्या सुती चादरीचा तुकडा आणि सिलिका जेलच्या पुड्या. डांबरगोळ्या ठेवायच्या नाहीत. कपड्यांच्या सवयीने त्या टाकल्या जातात, पण त्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते, आणि वर्षभराने खोकं उघडल्यावर चर्या एकमेकींना चिकटलेल्या सापडतात.